कांद्याचीं कुरकुरीत भजीं

पक्वान्नांच्या यादींत भज्यांचें नांव कोणी घालीत नाहीं. सणाच्या पानांत डाव्या बाजूस घोसाळ्याचीं किंवा बटाट्याचीं चार भजीं वाढतात खरीं, परंतु कांद्याच्या भज्यांना तेथेंहि मज्जाव. असें असूनहि पावसाची पहिली मोठी सर येऊन अंगण भिजलें, कीं आजोबांपासून शाळकरी नातवंडांपर्यंत सर्वांच्या मनांत एकाच वेळीं जो पदार्थ येतो तो हाच. करावयास सोपा, साहित्य घरांतलें, खर्च बेताचा. आणि तरीहि दहा घरांपैकीं पांच घरांत तीं मऊ, तेलकट किंवा आंत कच्चीं निघतात. मग कोणाच्या तरी हाताला गुण आहे आणि कोणाच्या हाताला नाहीं, असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. हाताचा गुण मी मानतें. पण त्या गुणाच्या पोटांत काय काय असतें तें पाहिलें, तर तो पुष्कळ अंशीं शिकतां येण्यासारखा आहे.

मुख्य अडचण पाण्याची. ताज्या कांद्याच्या १०० भागांत सुमारें ८९ भाग पाणी असतें. भजें तळणें म्हणजे कांदा तेलांत शिजविणें, असें वरवर पाहतां वाटतें. वस्तुतः तें पाणी बाहेर घालविण्याचें काम आहे. पीठ कढईंत पडतांच जे बुडबुडे उसळतात ते वाफेचे. पाणी १०० अंशांवर उकळतें आणि तळणाचें तेल १७० ते १८० अंशांवर असतें. त्यामुळें पिठांतील पाणी वेगानें वाफ होऊन बाहेर पडत राहतें, आणि ती वाफ जोंवर बाहेर येत आहे तोंवर तेलाला आंत शिरावयास फारसा वाव मिळत नाहीं. वरचें पाणी संपलें, कीं पिठाचें कवच वाळतें, त्याचा रंग पालटतो व खमंग वास सुटतो. परंतु आंतील कांदा ओलाच असतो, आणि भजें ताटलींत आल्यावर ती ओल हळूहळू कवचाकडे सरकूं लागते. सारांश, कुरकुरीतपणा हा दहा-बारा मिनिटांचा पाहुणा आहे. ही गोष्ट ज्या घरांत ध्यानांत येत नाहीं, तेथें पीठ, तेल आणि सून यांजवर उगीच दोष येतो.

कांदा निवडतांनाहि हेंच पाणी लक्षांत ठेवावें. आपल्याकडे कांद्याचीं पिकें तीन. पावसाळ्यांत वाढून दिवाळीच्या सुमारास बाजारांत येणारा पोळ कांदा रसाळ असतो, पण टिकत नाहीं. त्यामागून हिवाळ्यांत येतो तो रांगडा. आणि मार्चपासून मेपर्यंत निघणारा, वरचीं सालें सुकवून चाळींत साठविलेला, तो उन्हाळ कांदा. नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवची बाजारपेठ ज्या कांद्यासाठीं देशभर प्रसिद्ध आहे, आणि ज्याच्या भावाच्या चढउतारानें दिल्लीपर्यंत राजकारण हालतें, त्यांतला मोठा भाग हाच. साठवणींत त्याचें पाणी थोडें आटलेलें असतें आणि पाकळ्या घट्ट असतात. आषाढांत आपल्या हातीं येणारा कांदा बहुधा हाच असल्यामुळें, पावसाळा आणि भजीं यांची जोडी जुळण्यास केवळ हवाच कारणीभूत आहे असें मला वाटत नाहीं. अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तो गोडसर व सौम्य; कच्चा खावयास उत्तम. तो भज्यांत घालून त्याचा गोडवा मसाल्यांत बुडविणें ही माझ्या मतें उधळपट्टी होय.

चिरतांना डोळ्यांना पाणी येतें तें कांद्याच्या पेशी फुटून त्यांतून उडून जाणाऱ्या एका गंधकयुक्त द्रव्यामुळें. हें द्रव्य तयार करणारें स्वतंत्र विकर कांद्यांत आहे, असें जपानी संशोधकांनीं २००२ सालीं दाखविलें. उपाय मात्र आजीच्याच वेळचा उत्तम: विळीची धार चांगली असावी. बोथट पात्यानें कांदा कापला न जातां चेंगरतो, पेशी अधिक फुटतात, डोळेहि अधिक चुरचुरतात, आणि शिवाय चकत्यांना पाणी सुटून पुढचें सगळें काम बिघडतें. कांदा अर्धा तास शीतकपाटांत ठेवून मग चिरला, तरी त्रास कमी होतो.

आतां प्रकार दोन. एक गोल चकत्यांचीं भजीं. दुसरीं कांदा उभा पातळ चिरून, पिठांत कालवून, वेडींवांकडीं सोडलेलीं. तळल्यावर यांचे पाय चहूंकडे फुटतात, म्हणून यांना खेकडा भजीं म्हणतात. या दोहोंची कृति एकच समजून चालणें हें पुष्कळ फसलेल्या घाण्यांचें मूळ आहे. मिठाच्या बाबतींत तर दोहोंचा नियम अगदीं उलटा आहे.

खेकडा भज्यांत मीठ आधीं कांद्याला लावावें. अर्धा किलो कांदा उभा, पातळ, शक्य तितका एकसारखा चिरावा. पाकळ्या हातानें मोकळ्या कराव्या. मीठ चोळून पंधरा मिनिटें झांकून ठेवावा. मिठानें कांद्यांतलें पाणी बाहेर ओढलें जातें व पाकळ्या लवचिक होतात. मग त्यांत तिखट, हळद, हातावर चुरडलेला ओवा, किंचित् हिंग आणि कोथिंबीर घालून, मावेल तितकेंच डाळीचें पीठ भुरभुरावें. साधारण दीड वाटी डाळीचें पीठ व त्याबरोबर तीन मोठे चमचे तांदळाची पिठी लागते. वरून पाणी घालूं नये; कांद्याचेंच पाणी पुरे होतें. कांदे फारच कोरडे असले, तर हात ओला करून एकदां फिरवावा, इतकेंच. पीठ कांद्याला जेमतेम चिकटलेलें दिसावें. कांदा पिठांत बुडाला, कीं खेकड्याचे पाय गेले आणि उरला तो गोळा. शिवाय हें मिश्रण कालवून ठेवणें बरें नव्हे. कांदा पाणी सोडीतच राहतो. तेल तापत आलें, कीं पीठ लावावें.

चकत्यांच्या भज्यांत याच्या नेमकें विरुद्ध. येथें चकतीला मीठ लावलें, तर ती घामेजते, आणि घामेजलेल्या अंगावर पीठ ठरत नाहीं. म्हणून मीठ पिठांतच घालावें. मोठे, घट्ट कांदे आडवे ठेवून पाव इंचाहून किंचित् कमी जाडीच्या चकत्या कापाव्या. सबंध चकती तळावयाची असेल, तर याहून पातळ हवी; नाहींतर बाहेर रंग येतो आणि मधला भाग करकरीत कच्चा राहतो. कडीं वेगळीं करून तळलीं तर अधिक चांगलीं लागतात. मात्र वेगळीं करतांना प्रत्येक कड्याच्या आंतल्या बाजूस जो पातळ, निसरडा पापुद्रा असतो, तो नखानें धरून काढून टाकावा. हें काम किचकट आहे. पण दांतांनीं तोडतांना सगळा कांदा एकदम बाहेर ओढला जाऊन हातांत पिठाची रिकामी पिशवी राहते, ती बरीचशी या पापुद्र्याच्याच कृपेनें. नंतर कडीं स्वच्छ पंच्यावर पसरून टिपून घ्यावीं, आणि कोरड्या तांदळाच्या पिठींत घोळवून, झटकून, मगच भिजविलेल्या पिठांत बुडवावीं. ही कोरडी पिठी भिंतीला गिलावा करण्यापूर्वीं अस्तर द्यावें तसें काम करते.

भिजविण्याचें पीठ असें: एक वाटी डाळीचें पीठ, पाव वाटी तांदळाची पिठी, मीठ, तिखट, हळद, ओवा, आणि पाऊण वाटीच्या आसपास पाणी. पाण्याचें माप नक्की सांगतां येत नाहीं, कारण तें पिठाच्या जाडीवर व जुनेपणावर अवलंबून असतें. बोट बुडवून काढलें असतां त्यावर पातळ थर राहावा, आणि थेंब ओघळतांना मध्येंच तुटावा, इतकें दाट. दहा मिनिटें मुरूं द्यावें, म्हणजे पिठाचा कण पाणी पितो आणि गुठळ्या राहत नाहींत. हरभऱ्याच्या पिठांत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळें तें कितीहि घोटलें तरी वातड होत नाहीं. खरपूस रंग व चव देण्याचें काम तें करतें. कडकपणा येतो तो तांदळाच्या पिठीनें. पण तिचें प्रमाण चौथ्या हिश्शापलीकडे गेलें, तर भजें दांताला टोचूं लागतें. डाळ घरीं आणून गिरणींतून जरा रवाळ दळून घेतली, तर फारच उत्तम. बाजारांतील अतिबारीक पिठांत वाटाण्याची भेसळ असल्यास रंग आणि वास दोन्ही सांगतात.

तळावयास घेण्यापूर्वीं कढईंतलेंच कडकडीत तेल दोन चहाचे चमचे त्या पिठावर ओतावें. हें मोहन. त्यानें पिठाचे कण एकमेकांस घट्ट धरून बसत नाहींत, आणि कवच खुसखुशीत होतें. याहून अधिक घातलें, तर भजें तेलांतच फुटतें. सोड्याविषयीं मात्र माझें मत जरा कठोर आहे. सोड्यानें भजें फुगतें, जाळी पडते, खाणाऱ्याला हलकें वाटतें. पण त्या जाळीच्या प्रत्येक भोंकांत तेल भरतें, आणि जो मऊपणा येतो तो कुरकुरीतपणाच्या उलट दिशेचा असतो. गोल भज्याच्या पिठांत चिमूटभर चालेल. खेकडा भज्यांत अजिबात नको. सोडा जास्त झाला कीं काय हें ओळखावयाची खूण हळदच देते. ती लालसर दिसूं लागली, कीं समजावें.

तेल शेंगदाण्याचें असावें, कढई खोल व जाड बुडाची असावी, आणि तेल निम्म्याहून अधिक भरूं नये. ताप पाहण्यास पिठाचा एक थेंब सोडावा. तो तळाशीं जाऊन लगेच बुडबुडत वर आला, तर ठीक. तळाशींच बसून राहिला, तर तेल थंड आहे. वर येतां येतांच काळवंडला, तर फार तापलें आहे. एका घाण्यांत कढईचा निम्माच पृष्ठभाग भरेल इतकींच भजीं सोडावीं. घाई करून कढई भरली, तर इतक्या ओल्या पिठानें तेल एकदम निवतें, वाफेचा जोर मोडतो, आणि मग तेलकट भजीं हमखास होतात. बुडबुडे मंदावले, आवाज बारीक झाला, कीं भजें झालें. अनुभवी बाई डोळ्यांपेक्षां कानांनीं तळते, असें म्हणतात तें याचसाठीं.

काढतांनाचा क्षण बहुतेक जणी हयगयीनें घालवितात. भजें तेलाबाहेर आलें, कीं आंतील वाफ निवून आकसते, आणि अंगावर राहिलेलें तेल आंत ओढलें जातें. तेलकटपणाचा मोठा भाग कढईंत नव्हे, कढईबाहेर येतो. म्हणून झारा कढईच्या कांठावर दोन-तीनदां जोरानें आपटून तेल निथळूं द्यावें, आणि भजीं चाळणींत किंवा तारेच्या जाळीवर एकेरी पसरावीं. परातींत ढीग करून वर ताट झांकणें म्हणजे त्यांना वाफारा देणेंच. वर्तमानपत्राच्या कागदावर तर मुळींच ठेवूं नयेत. छपाईची शाई अन्नांत उतरते, याकरितां भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०१६ सालीं तसें न करण्याची सूचना काढली होती. तरी आपल्या घरांतून ती संवय अद्याप गेलेली नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं एवढें लिहावयास बसलें ती. भजें दहा मिनिटांचें. घरांत माणसें चौदा. प्रथम मुलें, मग पुरुष मंडळी, मग वडील बायका, अशी पंगत उठत जाते. आणि जी बाई तासभर धगीजवळ उभी असते, तिच्या वाट्याला येतात तीं चाळणीच्या तळाचीं, निवालेलीं, मऊ पडलेलीं सहा भजीं आणि उकळून कडू झालेला चहा. पुष्कळ घरांत हें आजहि असेंच आहे, आणि कोणी मुद्दाम दुष्टपणानें करतें असेंहि नाहीं. "गरम गरम आण" असें जो तो प्रेमानेंच म्हणतो. परंतु कुरकुरीत भजें खावयाचें, तर तें कढईपासून पांच पावलांच्या आंत, हा पदार्थाचाच नियम असल्यामुळें, जी कढईजवळ आहे तिलाच तें न मिळावें हा मोठा विपर्यास आहे. वर्षानुवर्षें भजीं तळून जिनें खरें कुरकुरीत भजें निवांत बसून खाल्लें नाहीं, अशा बायका प्रत्येकीला आपल्याच घराण्यांत आठवतील.

याला एक साधी युक्ति आहे, आणि ती दुकानदारांस ठाऊक आहे: दोनदां तळणें. मंडळी जमण्याच्या तास-दीड तास आधीं, मध्यम तापलेल्या तेलांत सगळीं भजीं फिकट पिवळ्या रंगावर तळून काढावीं. बुडबुडे बरेच कमी झालेले असावेत, पण तांबूसपणा आलेला नसावा. तीं जाळीवर उघडींच पसरून ठेवावीं. या वेळांत आंतली ओल बाहेरच्या कवचांत येते. मग सर्वजण बसले, चहा गाळला गेला, कीं तेल चांगलें तापवून त्यांत एकेक घाणा मिनिटभर सोडावा. कवचांत आलेली ओल झपाट्यानें उडते आणि भजें एकदांच तळलेल्यापेक्षांहि अधिक कुरकुरीत व अधिक वेळ टिकणारें होतें. चौदा माणसांचीं भजीं अशा रीतीनें आठ-दहा मिनिटांत होतात. आणि हें दुसरें तळण इतकें सोपें आहे, कीं ज्याला पीठ कसें कालवावें हें ठाऊक नाहीं अशा पुरुष माणसालाहि तें सहज करतां येतें. आमच्या घरीं दीर तें आनंदानें करतात, आणि झारा आपटण्याचा आवाज मुद्दाम मोठा करतात. सासूबाईंना प्रथम तें पसंत नव्हतें. हल्लीं "शेवटचा घाणा जरा करपवलास रे" असें त्या त्यांनाच सांगतात. आम्हां जावांचें बसून खाणें होतें, हें निराळें सांगावयास नको.

दुसरा प्रश्न घरांतील न खाणारांचा. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत कांदा-लसणाचा निषेध आहे. चरकसंहितेंत तोच कांदा बलकारक व रुचिकर म्हटला आहे. दोन्ही ग्रंथ आपलेच, आणि एकाच घरांत दोन्ही मतांचीं माणसें असतात. चातुर्मासांत कांदा वर्ज्य करणारीं घरें अद्याप पुष्कळ आहेत, आणि म्हणूनच आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधीं येणारी आषाढ शुद्ध नवमी ही कांदेनवमी म्हणून थाटानें होते. त्या दिवशीं भजीं, झुणका, थालीपीठ, कांदेभात असा कांद्याचा निरोपसमारंभच असतो. वर्षभर न खाणाऱ्या वडील मंडळींना वादांत ओढण्यांत मला अर्थ दिसत नाहीं. पिठाचा एक भाग आधींच वेगळा काढून, स्वच्छ नव्या तेलांत त्यांच्यासाठीं प्रथम घोसाळ्याचीं, बटाट्याचीं किंवा ओव्याच्या पानांचीं भजीं तळावीं, आणि मग त्याच तेलांत कांद्याचीं. क्रम उलटा झाला, तर कांद्याचा वास तेलाला लागतो, आणि तो पुढें फोडणींतहि जात नाहीं. कांद्याच्या तळणाचें उरलेलें तेल वेगळ्या भांड्यांत, खूण करून ठेवावें. एवढ्यानें वडिलांचा मान राहतो आणि मुलांचीं भजींहि चुकत नाहींत.

अलीकडे मुलें बाहेरून "ऑनियन रिंग्ज" खाऊन येतात व घरीं तसलेंच मागतात. अमेरिकेंत लोकप्रिय झालेला हा पदार्थ आपल्या गोल भज्याची मावसबहीणच आहे. फरक इतकाच, कीं पीठ मैद्याचें. मैद्यांत चिकटपणा असल्यामुळें तो जितका घोटावा तितका वातड होतो. म्हणून एक वाटी मैदा, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, मीठ व मिरपूड हें कोरडेंच मिसळून, त्यांत बर्फासारखा थंड सोडावॉटर ऐन वेळीं ओतावा, आणि चार वेळां चमचा फिरवून थांबावें. थोड्या गुठळ्या राहिल्या तरी चालतात. कडीं वर सांगितल्याप्रमाणें सोलून, टिपून, कोरड्या पिठींत घोळवून, या पिठांत बुडवावीं, आणि लगेच शिळ्या पावाच्या वाळवलेल्या चुऱ्यांत लोळवून तळावीं. चुरा घोळविल्यावर दहा मिनिटें ताटांत पसरून ठेवलीं, तर तळतांना चुरा गळत नाहीं. चव सौम्य असते. आमच्या मुलांना तीं आवडतात. मला त्यांत ओव्याची उणीव भासते.

तेलासंबंधीं दोन शब्द. तापून धूर येऊं लागलेल्या तेलानें पेट घेतला, तर त्यावर पाणी कधींहि ओतूं नये. ओतल्यास भडका उडतो. आंच बंद करावी, आणि मोठें झांकण किंवा परात सरकवून कढई झांकावी. ओला झारा तेलांत घालूं नये, व कढईची मूठ वाटेकडे ठेवूं नये. तळून उरलेलें तेल निवल्यावर गाळून घ्यावें. पिठाचा चुरा त्यांत राहिला, तर तो पुढच्या वेळीं जळून तेल कडू करतो. असें तेल दोन-तीन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीस संपवावें; पुन्हां पुन्हां तळणास घेऊं नये. वारंवार तापलेल्या तेलांत अपायकारक द्रव्यें वाढतात, आणि तीं २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास तेल खाण्यास अयोग्य, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशांत लागू आहे. घरीं तें मोजण्याचें साधन नसलें, तरी तेल दाट व काळसर झालें, फेसाळूं लागलें किंवा लवकर धुरावलें, तर त्याचा लोभ सोडावा. मोरींत ओतूं नये, नळ तुंबतो.

भजीं उरलींच, तर तीं दुसऱ्या दिवशीं पुन्हां तळण्याच्या भरीस पडूं नये. आंबट ताकाला डाळीचें पीठ लावून, आलें-मिरची वाटून घालून, तुपाची जिरें-कढीलिंबाची फोडणी देऊन कढी करावी. ती मंद आंचेवर ढवळीत उकळी येऊं लागली, कीं त्यांत तीं भजीं सोडावीं, आणि पांच मिनिटांच्या आंत भाताबरोबर वाढावीं.